गाठीतला चुना

पोतेचा फासा केसांत अडकला होता, एवढंच. "अहो, जरा सोडवून द्या ना, ओढतंय," असं म्हणून अजीजुन्निसा नवऱ्यापुढे पाठ करून, मान वाकवून बसली. मांडीवर त्यांची पोर उम्मेहानी होती, दात येत असल्यामुळे रडवेली झालेली, आईच्या पदराचं टोक चघळणारी. नसीरला कामावर जायची घाई होती. त्यानं केस बाजूला केले, फासा सोडवला आणि हात काढून घेता घेता त्याचा अंगठा तिच्या जबड्याखाली, कानाच्या मागच्या बाजूला, कशावर तरी येऊन थांबला. सुपारीएवढं काहीतरी. कातडीखाली सरकणारं. त्याच्या शेजारी आणखी एक, जरा लहान. नसीरला काही कळायच्या आतच अंगठ्यानं एका बाजूनं दाब दिला होता आणि तर्जनी मागच्या बाजूनं खाली शिरायला लागली होती, चरबी आणि मांस यांच्यामधली फट शोधत. असं केलं की मांसातलं गदूद आपोआप उसळून बाहेर येतं. लहानपणापासून ते तसंच बाहेर येत आलं होतं. त्यानं हात इतक्या झटक्यानं मागे घेतला, की तिनं वळून पाहिलं. "काय झालं?" "काही नाही. दुखतं का हे?" "ते होय? ते आहे केव्हाचं. दुखत नाही. अम्मा म्हणतात दाढेची सूज असेल." मग ती हसली. "दात पोरीला येतायत आणि सूज मला." नसीरला हसता आलं नाही. त्यानं मोरीवर जाऊन हात धुतले. का धुतले हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मग छत्री घेऊन तो बाहेर पडला.

लोणावळ्याच्या बाजारात धुकं तसंच बसून होतं. भाद्रपदातले हे दिवस नसीरला कधीच आवडले नाहीत. धड पाऊस नाही, धड उघडीप नाही. काड्यापेटी पेटत नाही, मीठ पाझरतं, धुतलेला सदरा अंगावरच वाळवावा लागतो. तो उजवा हात खिशात घालून चालला होता. त्या हाताची त्याला लाज वाटत होती आणि भीतीही. गदूद म्हणजे मांसात जागोजाग दडलेली गाठ. मानेत, खाकेत, मांडीच्या सांध्यात, आतड्याच्या पडद्यात. मुसलमानाच्या घरात ती खात नाहीत, कापणारा ती काढून टाकतो. त्याचे वडील महंमद हे भाजे गावचे मुलाणी, जनावरं हलाल करणारे. जत्रेला गावच्या हिंदूंची बकरीही त्यांच्याच सुरीनं कापली जायची, तो गावानं दिलेला मान होता. आणि ज्यांना गदूद खाल्ल्यानं काही बिघडणार नव्हतं, त्यांच्या वाट्यातूनही ते गाठी वेचून बाजूला काढायचे. एकदा नसीर मांडीच्या मांसात डोकं घालून गाठ शोधत होता, तेव्हा त्यांनी त्याची हनुवटी वर उचलली होती. "डोळ्यानं नगं बगूस. बोटाला बगू दे." मग बोटं शिकली. पुण्याला कॉलेजात गेल्यावर त्यानं खोलीतल्या पोरांना वडील शेती करतात म्हणून सांगितलं, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाला, इंग्रजी पुस्तकांतून त्या गाठींची लांबलचक नावं पाठ केली, पण बोटांनी शिकलेलं काही विसरलं नाही. आज सकाळी बायकोच्या मानेवर ती आपल्या मर्जीनं कामाला लागली होती. बायकोची मान आणि बकऱ्याची मान यांत त्यांनी काही फरक केला नव्हता.

भुशीच्या वाटेवर डॉक्टर महिपतरावांचा बंगला होता. मुंबईतला दवाखाना बंद करून ते इथं येऊन राहिले होते आणि मागच्या खोल्यांत त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. डॉक्टर ना वेडे होते ना लबाड. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती इतकंच. गंडमाळ हा गाठींचा क्षय. तर मग निरोगी जनावराच्या गाठीत असं काहीतरी द्रव्य असलंच पाहिजे, जे तिला निरोगी ठेवतं. ते वेगळं काढायचं, ओळखायचं आणि माणसाला द्यायचं. त्यांना रसायनं जाणणारा माणूस हवा होता आणि त्याला मांसाचा तिटकारा नको होता. नसीर पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा त्यांनी त्याचं प्रशस्तिपत्रक बाजूला ठेवून विचारलं होतं, "मुलाणी म्हणजे घरात कापणं आहे ना? मग उत्तम." ज्या गोष्टीवर त्यानं पुण्यात पांघरूण घातलं, तिच्यावरच त्याला नोकरी मिळाली. अडचण एकच निघाली, ती डॉक्टरांच्या पत्नीची. लीलाबाई सोवळ्याच्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं, की बाटलीत काय आहे ते मी विचारणार नाही, पण कच्चं मांस माझ्या आवारात येणार नाही. त्यांच्या दृष्टीनं तेही सरळच होतं. म्हणून असं ठरलं, की नसीरचा थोरला भाऊ इनायत आपल्या बाजारातल्या दुकानातून गदूद वेगळे ठेवील, ते नसीरच्या घरी जातील, घरी त्यांची चरबी काढून, बारीक चिरून ते स्पिरिटच्या बरणीत पडतील आणि बरणी बंद होऊनच बंगल्यात येईल. घरी हे कोण करणार, असा प्रश्नच आला नाही. अजीजुन्निसा वराळ्याच्या मुलाण्याची लेक. तिची बोटं नसीरपेक्षा चपळ. बाळंतपणातून उठल्यापासून दुपारी परसात पाट मांडून ती बसायची, आणि संध्याकाळी तो आला की बरणी उजेडाकडे धरून म्हणायची, "बघा, एक कण चरबीचा दाखवा." एकदा तिनं विचारलं होतं, या टाकायच्या वस्तूत असं काय असतं हो? आणि त्यानं तिला मोठ्या हौसेनं समजावून सांगितलं होतं. तिला किती कळलं कोण जाणे, पण ती शेजारणींना सांगत फिरली, की आमच्या घरात औषध बनतंय.

औषध. नसीरनं खिडक्या उघडल्या. त्याला या खोलीत एरवी फार सुख वाटे, आणि ते त्यानं कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं. बाहेर सगळं एकमेकांत मिसळलेलं, ओलं, वास मारणारं. इथं ते वेगळं व्हायचं. चिरलेली गाठ कोमट स्पिरिटात ठेवली की निम्मं त्यात उतरायचं. ते गाळून आटवायचं, ईथरमध्ये विरघळवायचं, वर अॅसिटोन ओतायचं. मग लेसिथिन मेणचट होऊन तळाशी बसायचं आणि कोलेस्टेरॉल वर राहायचं, ज्याच्यावर जहाल अॅसिड सोडलं की आधी लाल, मग निळा, मग गर्द हिरवा रंग चढायचा. उरलेला चोथा सोड्याच्या पाण्यात भिजवून त्यावर आम्ल टाकलं की न्यूक्लिओप्रोटीनची पांढरी साय धरायची. शेवटी जे कशातच विरघळत नाही ते मुशीत जाळायचं आणि राख तपासायची. एकेक बाटली, एकेकीवर चिठ्ठी. ज्याला घरात नुसतं गदूद म्हणत, ज्याचा अब्बांनी पाण्यानं हात धुऊन विटाळ काढला असता, त्याची अशी नावानिशी वाटणी झालेली पाहिली, की नसीरला वाटे, अब्बांनी एकदा इथं येऊन बसायला हवं होतं. ते तो पुण्याला असतानाच गेले. पण आज बाटल्या नुसत्या बाटल्या दिसत होत्या. तो अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत उभा राहिला. सुपारीएवढी. सरकणारी. न दुखणारी. डॉक्टरांच्या पुस्तकात ती वाक्यं याच क्रमानं होती.

रात्रभर ठेवलेल्या काचेच्या पेल्यात राखेचा साका खाली बसला होता. राख आम्लात विरघळवून त्यावर ऑक्झलेटचे थेंब टाकले की चुना पांढरा होऊन खाली येतो. निरोगी गाठीत चुना असतो, नाही असं नाही. पण पुस्तकाप्रमाणे तो नखावर मावावा इतका. इथं पेल्याचा तळ दिसत नव्हता. आणि हे पहिल्यांदा नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडापासून प्रत्येक बरणीत चुना वाढत चालला होता. तितकंच कोलेस्टेरॉलही. नसीरला वाटलं होतं, भांड्यातून येतो, पाण्यातून येतो. त्यानं भांडी बदलली, पाणी दोनदा ऊर्ध्वपातन करून घेतलं. चुना येतच राहिला.

डॉक्टर आत आले ते पेल्याकडे बघतच. त्यांनी तो उचलून खिडकीपाशी नेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून नसीरला एकदम त्यांची कीव आली, का ते त्याला समजलं नाही. "हाच तो," डॉक्टर म्हणाले. "क्षयाला चुन्याची सुई देतात ती काय उगाच? पण तो दगडातला चुना, अंगी लागत नाही. हा निसर्गानं गाठीतच साठवून ठेवलेला आहे, जिवंत. नसीर, आपण दुसरीकडेच शोधत बसलो होतो. राखेपर्यंत जायलाच नको होतं. तो गाठीच्या अर्कातच ठेवायचा आणि तसाच द्यायचा. आठवड्याभरात पहिल्या बाटल्या भरू." मग त्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "बरं नाही का तुला?" आणि नसीरच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या बायकोच्या मानेत गाठी आहेत. आज हाताला लागल्या." डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. किती आहेत, दुखतात का, संध्याकाळी अंग तापतं का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. तापतं का? नसीरला ते माहीत नव्हतं. रात्री तिचा हात गरम लागायचा, पण चुलीपाशी बसणाऱ्या बाईचा हात गरम असतो असं त्यानं धरून चाललं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "गंडमाळच असणार. पण घाबरू नकोस. बघ, योग कसा असतो. पहिली बाटली तिलाच. तुझ्या हातानं बनव आणि तुझ्या हातानं दे. एकदम ताज्या गाठी घे, उद्यावर ढकलू नकोस."

व्हरांड्यात भुशीच्या वरच्या वाडीतली बाया नावाची बाई बसली होती. डॉक्टर तिला फुकट तपासायचे. तिच्या मानेतल्या गाठी फुटून वाहून गेल्या होत्या, त्या जागी कातडी आक्रसली होती, आणि एक अजून वाहत होती. त्यावर तिनं धुतलेल्या फडक्याची घडी दाबून धरली होती. नसीर जवळून जायला लागला तेव्हा तिनं त्याला थांबवलं. "भाऊ, त्ये तुमचं औषद कवा निगायचं?" "निघेल." "न्हाई, म्हंजी मला उशीर झाला आता, ते कळतंय मला. पन धाकलीच्या बी गळ्यात आलंय. तिला तरी घावलं पायजे." ती रडत नव्हती, भाव विचारावा तसं विचारत होती. "तुमी तितंच असता न्हवं, म्हून इचारते." नसीरला तिच्या फडक्याकडे बघवेना. आधी एक, मग दोन, मग माळ. मग मऊ पडते, फुटते, आटते आणि पलीकडे नवी येते. कधी तिथंच थांबतं, कधी फुप्फुसात उतरतं. पुस्तकात हे एका परिच्छेदात होतं. अजीजुन्निसाची मान त्याला आठवली, पोतेच्या काळ्या मण्यांखालची, घामानं ओलसर, अजून पूर्ण साफ असलेली. लग्नात त्यानं पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर ती मान. ओढणीआड चेहरा होता.

तो तडक इनायतच्या दुकानी गेला. चालता चालता मनात मात्र औषधाची कृती चालू होती. स्पिरिट कमी घ्यायचं, आच मंद ठेवायची, चुना बुडाशी बसू द्यायचा नाही, बाटली गार पाण्यात ठेवायची. तिला चव आवडणार नाही, मधातून द्यायचं. गदूद हराम म्हणून अम्मा कटकट करतील, त्यांना सांगायचंच नाही. या बेतात तो इतका रमला, की घाबरणं मागे पडलं आणि त्याला जवळजवळ बरं वाटायला लागलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. इनायत फळीवर बसून सुरीला धार लावत होता. "आज तू सोता आलास? पुडकं घरी धाडणारच हुतो की." "ताजे हवेत, भाऊ. आजचे. आत्ताच दे." इनायतनं कोपऱ्यातून पानात बांधलेलं पुडकं काढून त्याच्यापुढे टाकलं. नसीरनं ते सोडलं. कित्येक महिन्यांत त्यानं अख्खं गदूद पाहिलं नव्हतं. त्याच्यापर्यंत येई तो अजीजुन्निसानं केलेला बारीक, एकसारखा कीस. समोर होत्या त्या गाठी पेरवाएवढ्या होत्या. काही एकमेकींना चिकटलेल्या. त्यानं भावाच्या हातातली सुरी घेतली आणि सगळ्यांत मोठी गाठ ओंडक्यावर ठेवून कापली. सुरी मध्यावर अडली. किरकिरली, वाळूतून जावी तशी, मग पलीकडे गेली. आतून गाठ पिवळी होती, वाळक्या खव्यासारखी भुगा होणारी, आणि त्या भुग्यात पांढरे खडे होते.

हा आवाज त्यानं आधी एकदा ऐकला होता. भाज्यात, एका मोठ्या घरचं लग्न होतं, वऱ्हाड जेवायचं होतं. अब्बांनी जनावर सोललं, खाकेतली गाठ काढली आणि टाकण्याआधी नेहमीप्रमाणे ती कापून बघितली. गाठ किरकिरली. अब्बा उठून उभे राहिले. "आबा, हे जनावर न्हाई चालायचं," ते मालकाला म्हणाले. मालक चिडले, वऱ्हाड काय दगड खाणार का म्हणाले, पण अब्बांनी सुरी पुसून म्यानात घातली आणि जनावर ओढ्यापलीकडे पुरायला लावलं. वाटेत नसीरनं विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "गदूद किरकिरलं की मांस रोगी. ध्येनात ठेव." त्यानं ध्यानात ठेवलं होतं. बी.एस्सी.त तर ते का होतं हेही शिकला होता. क्षय गाठीत शिरला की गाठ नासते, आणि अंगात जोर असेल तर शरीर त्या नासक्याभोवती चुना भरून त्याला कोंडायला बघतं. दोन्ही गोष्टी त्याला पाठ होत्या. आणि पावसाळाभर तो पेल्यातल्या चुन्यासाठी पाणी बदलत बसला होता.

"हे कुठल्या जनावराचं?" त्यानं विचारलं. इनायतला त्याच्या आवाजातलं काही कळलं नाही. "म्हशीचं. आटलेल्या म्हशी येत्यात ना कल्याणच्या तबेल्यांतनं, त्यातलीच. सकाळी कापली, बगतो तर गदूद किरकिरतंय. सगळं मांस पुरलं बग. अब्बांचा नेम मोडीन व्हय मी? आटपाव बी इकलं न्हाई." "आणि गदूद?" "गदूद काय, ते टाकायचंच असतंय. तुला तर हवं हुतं." "मग चांगल्या जनावराचे?" "ते कुत्र्यांनी नेले. आरं, चांगल्या जनावराचं गदूद असतंय केवढं? वाटाण्यायवढं. ते हुडकीत बसू का गिऱ्हाइकाकडं बगू? ह्या कशा आपसूक हाताला येत्यात. आन् मांस तर जातंच मातीत, म्हटलं तुझं तरी काम व्हईल." तो खुशीत होता. त्यानं खरोखरच भावासाठी नुकसानीतून काहीतरी वाचवलं होतं. नसीर त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याला रागावता येईना. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात गदूद कापायचं ते मांसाची पारख करायला. मांस वाईट निघालं तर मांस पुरायचं. गदूद स्वतः चांगलं की वाईट, हे बघायची वेळ कधी आलीच नव्हती. ते दोन्हीकडून टाकाऊच. इनायतनं ते बघितलं नाही आणि त्याला ते सांगायला नसीरलाही सुचलं नाही. निरोगी गाठी हव्यात, हे वाक्य तो डॉक्टरांकडून रोज ऐकत होता. घरी येऊन तो नुसतं म्हणाला होता, गदूद ठेवत जा.

पुडकं त्यानं तिथंच टाकलं आणि नुसताच चालत सुटला. पुढे स्टेशनापर्यंत गेला, परत फिरला, पुन्हा गेला. डॉक्टरांना सांगावं लागेल, ते ऐकतील किंवा ऐकणार नाहीत; कदाचित म्हणतील, चुना तो चुना. बायाच्या धाकटीला द्यायच्या बाटल्या भरू देता कामा नयेत, एवढं तरी त्याच्या हातात होतं. त्याचा विचार तो मुद्दामच करत होता, कारण तो संपला की दुसरा येत होता. पाटावर बसलेली अजीजुन्निसा. अंगठा आणि तर्जनी. गाठ उसळून येते, चरबी निसटते, मग ती चिरताना आतला पिवळा भुगा बोटांना लागतो. तो भुगा मेलेला नसतो. स्पिरिटात पडेपर्यंत त्यात सगळं जिवंत असतं. त्याच्या बाटल्यांत जे आलं होतं ते उकळून, गाळून, जाळून निर्धोक झालेलं होतं. त्याच्या वाट्याला राख आली होती. मधलं सगळं तिनं हाताळलं होतं, त्याच हातांनी भाकरी थापली होती, दातात अडकलेलं काढलं होतं, कपाळावरचा घाम पुसला होता. तिच्या गळ्यात ते कुठून आलं हे शोधायला कुठल्या परीक्षेची गरज नव्हती. हे दुधातून येतं, हवेतून येतं, गर्दीतून येतं असं तो स्वतःला सांगून बघत होता. सांगताना त्याला शरम वाटत होती.

घरी आला तेव्हा अजीजुन्निसा परसात पाट मांडून बसली होती. शेजारी धुतलेली सुरी, स्पिरिटची बरणी. "पुडकं आलंच नाही आज मोठ्या भाऊजींकडून," ती म्हणाली. "मी म्हटलं विसरले की काय." तिचे गाल लाल दिसत होते. आज पहिल्यांदा त्याला ते तापाचे वाटले. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजपासून हे बंद." "का? डॉक्टरांचं काम संपलं?" "गाठी वाईट होत्या. रोगी जनावराच्या. त्यांतला रोग..." त्यानं शेजारची सुरी दूर सारली. "आत कापताना कधी किरकिरायच्या का त्या?" ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचा बापही मुलाणीच होता. "किरकिरायच्या की," ती सावकाश म्हणाली. "पहिल्यांदा किरकिरली तेव्हा मी बाजूला ठेवणार होते. आमच्याकडे तसलं मांस पुरतात. पण मग म्हटलं, हे काय खायचं आहे? आणि तुम्ही बरणी बघून खूश झालात त्या दिवशी. म्हणालात, या खेपेला काहीतरी निराळं सापडलंय. म्हटलं, त्या खड्यांतच असेल तुमचं ते औषध." तिनं बरणीचं झाकण घट्ट लावलं. "म्हणून मग मी तेच निवडून घालायचे. साध्या असल्या तर मागं ठेवायचे."

नसीरला वाटलं, आपण आता तिच्या पायाशी डोकं ठेवून रडावं, पण त्यालाही काही अर्थ नव्हता, आणि ती रडत नव्हती. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. "माझ्या मानेत आहे ते तेच का?" "हो." "सकाळीच कळलं तुम्हाला?" "गाठ सकाळी कळली. कशामुळे ते आता कळलं." तिनं मान हलवली, आणि मग तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, ते तिच्या स्वतःबद्दलचं नव्हतं. "मी हात धुवायचे," ती म्हणाली. "रोज धुवायचे. पाण्यानं." "हं." "पण काम चालू असतानाच ती उठायची हो. हिरड्या शिवशिवतात ना तिच्या. मग मी पदराला हात पुसून..." तिनं तर्जनी पुढे धरली. "हेच बोट फिरवायचे तिच्या हिरड्यांवर. त्याशिवाय ती निजायचीच नाही." पोरीलाही लागण झाली असेल का, याचं उत्तर नसीरजवळ होतं, आणि ते देणारं पुस्तक त्यानं स्वतः विकत आणलं होतं.

आतून उम्मेहानीच्या रडण्याचा आवाज आला, मग तिला कडेवर घेऊन नसीरची आई जैतुनबीच परसात आल्या. "आगं, कवाची वरडतीया, ऐकू येत न्हाई व्हय? घे हिला. तुझ्याबिगर ऱ्हात न्हाई." पोरीनं आईकडे दोन्ही हात टाकले. अजीजुन्निसा उठली, एक पाऊल पुढे आली आणि दोन्ही हात पाठीमागं नेऊन उभी राहिली. "तुम्हीच ठेवा तिला, अम्मा," ती म्हणाली. "आजपासून तुमच्याजवळच." "आन् दूद?" अजीजुन्निसानं नवऱ्याकडे पाहिलं. जैतुनबी सुनेकडून मुलाकडे बघायला लागल्या. "काय झालंय रं हिला? भांडलासा व्हय?" पोर आता श्वास कोंडून रडत होती, आईच्या दिशेनं अंग फेकत होती. नसीर उठून उभा राहिला. तो रोग त्या घरात अजून कुणी नावानं उच्चारला नव्हता.

"तिला गंडमाळ झालीय, अम्मा," तो म्हणाला. "मी आणली घरात."

जैतुनबींनी नातीचं तोंड आपल्या पदराखाली ओढून घेतलं आणि त्या दोघांपासूनही मागे सरल्या.